आघात आणि अनुरणन : सिंबालोम, पियानो आणि संतूर

हंगेरियन सिंबालोम आणि पियानो यांचे सहवादन ऐकताना भारतीय श्रोत्याला प्रथम संतूरची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. समलंब आकाराची पेटी, तीवर ताणलेल्या धातूच्या तारा आणि वादकाच्या दोन हातांतील दोन हलक्या काठ्या हे साम्य डोळ्यांना तत्काळ जाणवते. परंतु वाद्यांचे खरे नाते त्यांच्या आकारावरून ठरत नसते. तारेवर आघात झाल्यानंतर जो नाद मागे उरतो त्याचे काय करावयाचे, या प्रश्नाला प्रत्येक संगीतपरंपरेने दिलेले उत्तर पाहिले म्हणजे ही वाद्ये कोठे जवळ येतात आणि कोठे दुरावतात हे उमगू लागते.

पियानो हाही मुळात आघाताचाच वाद्यप्रकार होय. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे क्रिस्तोफोरीने तो घडविला. त्यातील हातोडी पट्टीच्या मागे दडलेली असते, तर सिंबालोमवादक आपल्या काठ्या उघडपणे हातात धरतो. या फरकाचे परिणाम दूरगामी आहेत. पियानोवादकाला दहा बोटे उपलब्ध असल्याने तो संपूर्ण स्वरसंघात एकाच क्षणी उभा करू शकतो. सिंबालोमवादकाला एका वेळी दोनच स्वर छेडता येतात. उरलेला संघात त्याला स्वर वेगाने ओळीने विखरून सुचवावा लागतो. दीर्घ स्वरासाठी तर एकाच तारेवर काठ्यांची अखंड थरथर करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. फ्रान्झ लिस्टने आपल्या अकराव्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीच्या आरंभी पियानोवादकाला सिंबालोमप्रमाणे वाजविण्याची सूचना लिहून ठेवली आहे, ती याच थरथरीला उद्देशून. ज्याच्याजवळ दहा बोटे आहेत त्याने ज्याच्याजवळ दोन काठ्या आहेत त्याचे अनुकरण करावे, यात वरवर विरोधाभास दिसतो. परंतु उणीव ही कित्येकदा शैलीची जननी ठरते.

हंगेरीत सिंबालोम प्रामुख्याने रोमा वादकांच्या हाती होते. रोमांचे पूर्वज भारतातून गेले हे भाषाशास्त्राने सिद्ध झाले आहे. तथापि त्यांच्याबरोबर हे वाद्यही येथूनच गेले, असे मानण्यास आधार नाही. त्याचे नाव तर झांजेच्या ग्रीक-लॅटिन शब्दावरून आलेले आहे. फेरेन्त्स एर्केलने १८६१ साली ‘बांक बान’ या ऑपेरात त्याला स्थान दिले, तेव्हा ते लहान व सुटसुटीत होते. बुडापेस्टचा वाद्यकार योझेफ शुंडा याने १८७४ मध्ये त्याला पाय जोडले, बारा स्वरांची संपूर्ण मांडणी दिली आणि पायाने दाबून नाद शमविण्याची योजना केली. ही तिसरी सुधारणा सर्वांत महत्त्वाची होय. पाश्चात्त्य संगीतात स्वरसंघात क्षणोक्षणी बदलतो. मागील संघाताचा नाद पुढच्यात मिसळला तर अर्थच गढूळ होतो. तेव्हा नाद उत्पन्न करण्याइतकेच तो वेळेवर थांबविणे तेथे अगत्याचे ठरते. पियानोजवळ ही सोय आधीपासून होती. शुंडाने ती सिंबालोमला दिली आणि दोन्ही वाद्ये एका व्यासपीठावर येण्याचा मार्ग मोकळा झाला.

तो मार्ग ज्याने प्रत्यक्ष चोखाळला तो अलादार रात्स (१८८६-१९५८). हा रोमा वादक जिनीव्हातील एका उपाहारगृहात वाजवीत असता १९१५ मध्ये स्त्राविन्स्कीने त्याला ऐकले आणि स्वतःसाठी एक सिंबालोम विकत घेतले. ‘रनार’ या त्याच्या रचनेत ते वाद्य ऐकू येते. रात्सने पुढे बाख, कूप्रँ, स्कार्लात्ती यांच्या रचना सिंबालोमवर आणल्या आणि त्याची पत्नी इव्होन बार्ब्लान हिने पियानोवर त्याची साथ केली. या जोडवादनात पियानोवादकाची कसोटी अधिक लागते. दोन्हीकडे तारेवरचा आघातच असल्याने पियानो जरा भरभरून वाजला की सिंबालोमचा नाद त्यात बुडून जातो. संयम ज्येष्ठ वाद्याने राखावयाचा असतो. ग्यॉर्गी कुर्तागने १९७३ मध्ये केवळ सिंबालोमसाठी केलेली तुकड्यांची रचना १९७८ मध्ये पियानोसाठी पुन्हा लिहिली, तीही याच दृष्टीने अभ्यसनीय आहे. उत्तम भाषांतरात होते तसेच तेथेही झाले आहे: मूळ तेच, परंतु दुसऱ्या माध्यमाच्या स्वभावानुसार त्याचा श्वास बदललेला.

आता संतूरकडे वळावे. वैदिक वाङ्मयातील शंभर तारांच्या वाणाशी त्याचे नाते जोडण्याची प्रथा आहे. परंतु तारांची संख्या जुळली म्हणजे वंशावळ सिद्ध झाली, असे होत नाही. नाव फारसीच्या अंगाने आलेले आहे आणि काश्मीरमध्ये ते सूफियाना संगीताच्या साथीला नांदत होते. शिवकुमार शर्मा (१९३८-२०२२) यांनी १९५५ मध्ये मुंबईच्या रसिकांपुढे ते प्रथम मांडले, तेव्हा आक्षेप निघाला तो नेमका सिंबालोमच्या उलट टोकाचा. नाद थांबत नाही ही कोणाची तक्रार नव्हती. एका स्वरातून दुसऱ्यात अखंड जाता येत नाही, मींड निघत नाही, मग राग कसा उभा राहणार, ही तक्रार होती. आणि ती क्षुल्लक नव्हती. रागसंगीताचा प्राणच दोन स्वरांमधील वाटेत असतो. शर्मांनी वाद्य तिवईवरून मांडीवर घेतले, तारांची मांडणी बदलली आणि कलमांच्या हलक्या थरथरीने व घसटीने सातत्याचा आभास निर्माण केला. उरलेला नाद शमविण्याची फारशी निकड येथे नव्हती. षड्ज अचल असल्याने तो नाद तंबोऱ्याचेच कार्य करतो. आनंदवर्धनाने व्यंग्यार्थासाठी अनुरणनाचे रूपक योजिले, ते संतूरच्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही.

या कथेतील मराठी अध्याय मात्र पुरेसा नोंदला गेलेला नाही. मुंबईचे उल्हास बापट (१९५०-२०१८) यांनी झरीन दारूवाला, के. जी. गिंडे व वामनराव सडोलीकर यांच्याकडे विद्या घेतली, म्हणजे सरोद आणि कंठसंगीत यांचे संस्कार घेऊन ते संतूरकडे आले. मींडेचा आक्षेप त्यांनी आभासावर भागवला नाही. संतूरवर मींड काढण्याचे स्वतःचे तंत्र त्यांनी सिद्ध केले. दुसरे म्हणजे, त्यांनी आपले संतूर बारा स्वरांत लावले. त्यामुळे तारा पुन्हा न जुळविता एका रागातून दुसऱ्यात जाणे आणि सलग रागमाला वाजविणे त्यांना शक्य झाले. शुंडाने बुडापेस्टमध्ये जी मांडणी केली तीच शंभरहून अधिक वर्षांनी मुंबईत अवतरली. परंतु कारण भिन्न होते. तेथे बारा स्वर एकमेकांवर रचण्यासाठी हवे होते, येथे ते एकामागून एक रागांच्या दारांतून जाण्यासाठी. राहुलदेव बर्मन यांच्या चित्रपटसंगीतातही बापटांचे संतूर ऐकू येते. ज्या ध्वनिमुद्रणात गाण्याची पट्टी ऐनवेळी बदलू शकते तेथे अशा वाद्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

मैफलीत मात्र बहुसंख्य संतूरवादक आजही रागागणिक तारा जुळवितात आणि श्रोते तेवढा वेळ स्वस्थ बसून राहतात.