विहिरीच्या काठावर बेटाचा अभ्यास

चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या आपल्या मुलांना तोंडपाठ असते. मात्र सभोवार खारा समुद्र असताना बेटावरील विहिरीला गोडे पाणी कसे लागते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. याचे उत्तर फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मुलांना होडीने अर्नाळा बेटावर न्यावे, असे आम्हांला वाटते. तेथील किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत.

पावसाचे पाणी जमिनीत झिरपते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट उंच असेल, तर त्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. म्हणजेच उपशाने पातळी १ फूट उतरली, तर खारे पाणी कालांतराने ४० फूट वर चढू शकते!

हे मुलांना विहिरीच्या काठावरच दाखवता येते. काचेच्या बरणीत शाई घातलेले मिठाचे पाणी घ्यावे आणि चमच्याच्या पाठीवरून त्यावर गोडे पाणी अलगद सोडावे. दोन थर स्पष्ट दिसतात. मग नळीने वरचे पाणी हळू ओढावे, नंतर जोराने ओढावे. जोराने ओढताच खालचा रंग नळीकडे वर येतो.

बेटावर गोडे पाणी असतेच, असेही नाही. पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा यांचे जहाज १५३५ साली भरकटून गालापागोस बेटांना लागले. तहानेने व्याकूळ झालेल्या त्यांच्या सोबत्यांनी विहीर खणली, तर पाणी समुद्राहूनही खारट निघाले. भेगाळ लाव्हा खडक आणि किनाऱ्यावरील तुरळक पाऊस, यांमुळे तेथे समुद्राचे पाणी सहज आत शिरते.

आपली वसईदेखील जुन्या नकाशांत खाड्यांनी वेढलेले बेटच आहे. येथील पानवेली, केळी आणि फुलबागा याच गोड्या थरावर पोसल्या गेल्या. पूर्वी रहाटाने पाणी निघे, त्याचा बैल थकत असे. विजेचा पंप थकत नाही. किनाऱ्यालगतची एखादी विहीर मचूळ झाली की बागाईतदाराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याच्या शाळकरी नातवंडांना मात्र तो समजलाच पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पिण्यायोग्य पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे, तो आपल्या अंगणातील विहिरीलाही लागू आहे.

अर्नाळ्याहून परतल्यावर प्रत्येक धर्मग्रामातील मुलांनी एकेक विहीर वाटून घ्यावी. दर रविवारी मिस्सानंतर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, गाठी मारलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजावी आणि वहीत नोंदवावी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून त्या दिवशीची भरती-ओहोटीही शेजारी लिहावी. मे महिन्यातील नोंदी चुकवू नयेत.