मोटारसायकलचे ऑइल गळते? आधी गळती कोठे आहे ते शोधा

छोट्या धंदेवाल्यासाठी मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पाव-बटर पोहोचवणारा बेकरीवाला, साच्यांसाठी सुताचे कोन नेणारा कारखानदार, अंड्यांचे ट्रे बांधून खेडोपाडी फिरणारा फेरीवाला, हत्यारांची पेटी लावून कामावर जाणारा फिटर, या सर्वांचा धंदा दोन चाकांवर चालतो. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये पडली की दोन दिवसांची कमाई बुडते. तरीही इंजिनाखाली ऑइलचा डाग दिसला तर आपण त्यावर पुठ्ठा टाकतो आणि विसरून जातो.

हे दुर्लक्ष महागात पडते. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल असते साधारण एक लिटरच्या आसपास. त्यातले पाव-अर्धा लिटर महिन्याभरात थेंबाथेंबाने गेले, तर ओझे घेऊन घाट चढताना उरलेले ऑइल तापते, आधी वरचा कॅम आणि रॉकर झिजतो, मग पिस्टन धरतो. पाच-दहा रुपयांच्या वायसरची गोष्ट सिलिंडर-पिस्टनच्या खर्चावर जाते. शिवाय तेच ऑइल मागच्या टायरवर उडाले तर वळणावर गाडी घसरते. तेथे प्रश्न पैशाचा राहत नाही.

घरी दुरुस्ती करू पाहणारे बहुतेक जण पहिलीच चूक करतात ती अशी, की जेथून थेंब पडतो तेथेच बिघाड आहे असे समजतात. ऑइल वरून खाली उतरते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. आमच्या स्वतःच्या आडव्या इंजिनाच्या गाडीचा थेंब खालच्या ड्रेन नटावरून पडत असे. एका मिस्त्रीने नटाचे वायसर दोनदा बदलले. तिसऱ्या वेळी त्यांनी इंजिन उघडावे लागेल असे सांगितले. शेवटी आम्हीच इंजिन धुऊन पाहिले, तेव्हा पुढे हेडच्या खालच्या बाजूला असलेल्या टॅपेटच्या झाकणाची रबरी रिंग कडक होऊन चिरलेली निघाली. ऑइल तेथून इंजिनाच्या पोटाखालून वाहत मागे येत होते. रिंग बदलली, काम संपले.

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी इंजिन धुवावे. मालेगावसारख्या ठिकाणी कारखान्यांना जुम्म्याची सुट्टी असते, ती सकाळ या कामाला उत्तम. इंजिन पूर्ण थंड असू द्यावे. रॉकेल किंवा डिझेल आणि जुन्या ब्रशाने चिखल-ऑइल काढावे, मग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावे. गरम इंजिनावर पेट्रोल तर चुकूनही ओतू नये. वाळलेल्या इंजिनावर, जोडांच्या कडेने, टाल्कम पावडर हलकी भुरभुरावी आणि गाडी दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी किंवा जवळच फेरी मारावी. पावडरीवर ओली रेघ जेथे सर्वांत वर सुरू होते, तेथे गळती. चेनच्या बाजूला काळे ऑइल दिसले तर घाबरू नये. पुष्कळदा ते चेनला घातलेले ऑइलच उडालेले असते.

ड्रेन नट पाझरत असेल तर ऑइल बदलतानाच नवे वायसर घालावे. नट हाताने पूर्ण बसवून मग पान्याने बेताचा आवळावा. पान्याला पाइप लावून जोर करणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. केस ॲल्युमिनियमची असते, तिचा आटा गेला की घरचे काम संपले आणि लेथवाल्याचे सुरू झाले.

गिअर शाफ्ट आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचे ऑइल सील बहुतेक गाड्यांत बाहेरूनच निघते. जुने सील काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नये, नाहीतर नवे सीलही गळेल. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावावे आणि त्याच मापाची गोटी ठेवून सरळ आत बसवावे. तिरके बसले तर मेहनत वाया.

क्लच कव्हरचे पॅकिंग बदलणे जरा मोठे काम, पण धीराच्या माणसाला जमते. ऑइल काढून घ्यावे, किक काढावी. कव्हरचे बोल्ट लहान-मोठे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचे चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड जागी आवळला तर केस फुटते. जुने पॅकिंग स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. नवे बसवल्यावर समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. जास्त पेस्ट थापणे ही मोठी वाईट सवय आहे. आत गेलेला तिचा तुकडा ऑइलच्या जाळीत अडकतो आणि इंजिन तहानलेले राहते.

आता एक बाब मिस्त्री लोकही विसरतात. ऑइल प्रमाणाबाहेर भरले, ब्रीदरची नळी चोंदली किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तर आत दाब वाढतो आणि चांगले सीलही ऑइल सोडते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर सील बदलत बसण्यात अर्थ नाही. ते, तसेच सिलिंडरच्या बुडाची आणि इंजिनाच्या दोन केसमधली गळती, ही कामे जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावीत. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीच उघडू नये.

नवे ऑइल भरताना डब्यावर जासो एमए असे लिहिलेले पाहावे. मोटारसायकलचा क्लच याच ऑइलात बुडालेला असतो, मोटारीचे ऑइल घातले तर तो घसरू शकतो. पातळी पाहताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे, काडी पुसून आत टाकावी. पुष्कळ गाड्यांत काडी न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. पुस्तिकेत तसे दिलेले असते. पल्सरसारख्या गाड्यांना काचेची खिडकी आहे.

काम झाल्यावर रात्री गाडीखाली कोरा कागद अंथरावा आणि दोन-चार दिवस रोज सकाळी तो पाहावा. काढलेले जुने ऑइल मात्र गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून, जे गॅरेज जुन्या ऑइलचा पिंप भरून पुनर्वापरासाठी देते, तेथे नेऊन द्यावे.