जुन्या फियाटचा पार्ट शोधताना खिसा कसा सांभाळायचा

मागच्या आठवड्यात नांदुऱ्याकडून एक व्हॉइस मेसेज आला. आजोबांची ११०० फियाट, कित्येक वर्षं गोठ्याशेजारी उभी. नातवानं ती चालू करायचं मनावर घेतलं. पुढची काच तडकलेली, म्हणून त्यानं फेसबुकच्या एका ग्रुपवर विचारलं. तासाभरात एकाचा मेसेज: 'ओरिजिनल काच आहे, शेवटचा पीस, साडेआठ हजार.' पैसे गेले. मग लाकडी पॅकिंगचे बाराशे गेले. मग नंबरच बंद. पोरगं विचारतंय, "भाऊ, पार्ट शोधायचा तरी कुठं, अन् समोरचा खरा हे ओळखायचं कसं?"

पैसे गेलेत त्याचं आधी. असं झालं की लगेच १९३० हा नंबर फिरवायचा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. 'बघू उद्या' म्हटलं की ते पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात.

आता पार्टकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात जुनी गाडी म्हणजे रोल्स रॉईस नाही. जुनी गाडी म्हणजे फियाट, अँबेसेडर, नाहीतर महिंद्राची जीप. या तिन्हींचं नशीब वेगवेगळं आहे. फियाट ११०० डी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनायची, तिचीच पुढे पद्मिनी झाली. जवळपास तीच गाडी साडेतीन दशकं बनत राहिली, म्हणून इंजिनचं सामान आजही सापडतं. शिवाय मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालत होत्या, म्हणजे सामान ठेवणारे दुकानदार आणि हात काळे केलेले मिस्त्री अजून आहेत. अँबेसेडर तर २०१४ पर्यंत बनत होती. जीपचं सगळ्यात सोपं, कारण महिंद्रानं विलीजचाच सांगाडा इतकी वर्षं चालवला की जुन्या जीपला नव्या जीपचं बरंच सामान बसतं. अवघड जातं ते काच, क्रोमचे बंपर, दिव्यांच्या कडा, मीटर. म्हणजे जे टॅक्सीवाल्यानं कधी जपलं नाही ते. आणि फसवणारे नेमकं तेच 'शेवटचा पीस' म्हणून विकतात.

माझं म्हणणं सरळ आहे. फसतो तो बहुतेक वेळा पार्टचं फक्त नाव माहीत असलेला माणूस. माप आणि नंबर माहीत असलेल्याला फसवणं अवघड. 'फियाटचं बेअरिंग द्या' म्हणाल तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघून भाव सांगेल. पण जुनं बेअरिंग काढा, रॉकेलनं धुवा, कडेवरचा नंबर वाचा. ६२०४ असा आकडा दिसला तर ते आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७, जाडी १४. जगात कुठंही हेच. मग ते फियाटचं राहत नाही, ६२०४ होतं, अन् खामगाव-अकोल्याच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. पाण्याच्या मोटारीला लागतं तेच. ऑईल सीलचंही तसंच, त्याच्यावर आतलं, बाहेरचं आणि जाडीचं माप छापलेलं असतं. साधा व्हर्नियर घेऊन ठेवा.

हां, बेअरिंगमध्येही नकली माल आहे. मोठ्या कंपन्यांनी पॅकिंगचा फोटो पाठवून तपासायची सोय मोबाईल ॲपमध्ये दिलीय, ती वापरा. आपल्याकडे चांदी घेताना माणूस चार दुकानं फिरून शुद्धता बघतो, अन् कार्बोरेटर मात्र एका फोटोवर घेतो. काहून बापा?

दुसरा रस्ता म्हणजे लेथ. खामगाव, मलकापूर, चिखली कुठंही जा, जिनिंगच्या मशिनी आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारे लेथवाले आहेत. बुश, पिन, शाफ्टची घासलेली जागा ते नमुन्यावरून करून देतात. अट एकच, जुना पार्ट हातात हवा. म्हणून तुटका पार्ट भंगारात टाकू नका! काम पूर्ण होईपर्यंत तोच तुमचा पुरावा.

जिथं नमुन्यावरून बनत नाही तिथं बाजार गाठावा लागतो. मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबई. कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत. पुण्यात जुना बाजार. जुना पार्ट पिशवीत घेऊन जा, शेजारी ठेवून बघा. काचेसारखी वस्तू तर स्वतःच आणा. फियाटची पुढची काच वळणदार असते, सपाट काच कापून बसत नाही, आणि लाकडी पेटीशिवाय पाठवली तर फुटतेच. म्हणूनच तर पॅकिंगचे बाराशे कुणालाही खरे वाटले असते.

जाणं शक्य नसेल तर व्हिडिओ मागा. फोटो नको, तो कुठूनही उचलता येतो, गुगल लेन्सवर टाकून बघा. व्हिडिओत पार्टशेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव हवं. पार्ट उलटा करून ओतीव नंबर दाखवायला सांगा, पट्टी लावून माप दाखवायला सांगा. मी आणखी एक गंमत करतो, मुद्दाम चुकीचं विचारतो: "हे जीपलाही बसेल ना?" खरा जाणकार वैतागतो. ठग म्हणतो, "बसेल साहेब, आरामात."

'माल पाठवला' म्हणून बिल्टीचा फोटो आला, तर ट्रान्सपोर्टचा नंबर स्वतः शोधून फोन करा. बिल्टीवर छापलेल्या नंबरावर पलीकडे तोच माणूस बसलेला असू शकतो. पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही, हे माहीत असूनही 'रिफंड पाठवतो' म्हटलं की लोक स्कॅन करतात. सैन्यातला आहे म्हणून ओळखपत्र पाठवणारा विक्रेता ही तर आता जुनी चाल झाली. परदेशातून पार्ट मागवला की 'कस्टममध्ये अडकलंय, इतके भरा' असा फोन येतो. कस्टम अधिकारी कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागत नाही.

एक गोष्ट मात्र जुनी, खरी, कंपनीची, डब्यातली मिळाली तरी घेऊ नका: ब्रेकचे रबर. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचं किट तीस वर्षं डब्यात पडलं तरी रबर कडक होतं, चिरतं. विकणारा 'न वापरलेला जुना स्टॉक' म्हणून जास्तच भाव लावेल. बोअरचं माप घ्या आणि ताजं किट बसवा. अशा रबरावर राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट उतरायचा म्हणजे विचार करा. टायरचंही बघा, बाजूवर चार आकडी शिक्का असतो, २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली म्हणून टायर नवा होत नाही.

इंजिन किंवा चेसिस घेत असाल तर कागद आधी, लोखंड नंतर. इंजिनचा नंबर घासलेला असेल तर भाव कितीही कमी असो, निघून या. इंजिन बदललं की आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. जीपच्या जाहिरातीत '१९४४ ची विलीज' लिहिलेलं असलं तरी हरियाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या-नव्या पार्टांपासून अख्ख्या जीप बनतात हे ध्यानात ठेवा. काम देखणं असतं, पण पत्रा १९४४ चा नसतो, अन् कागद कुठल्या गाडीचे ते तुम्हालाच शोधावं लागतं.

हे आताच तपासायचं कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. आपल्याकडे पेट्रोल परवडत नाही म्हणून कितीतरी जीपना डिझेल इंजिन बसवलेलं आहे. तुमच्या घरच्या गाडीचं मूळ इंजिन कुठं पडलं असेल, तर ते भंगारवाल्याला किलोवर द्यायच्या आधी त्याचा नंबर आरसीशी जुळवून बघा. नोंदणी झाली तरी अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही, तेवढं घरच्यांना आधीच सांगून ठेवा.