ग्राहक कुणाच्या वहीत आहे?

क्रोशाची तोरणं विणणारी, गौरीचे दागिने घडवणारी, कापडी कंदील शिवणारी माणसं बदलापुरातल्या बेलवलीत शोधावी लागत नाहीत. कापड हवं तर बदलापूरहून दुसरंच स्टेशन उल्हासनगर, ठोक बाजार तिथे आहे. हातही तयार असतो. अडतं ते विक्रीपाशी. ‘ऑनलाइन कुठे टाकू?’ असं विचारलं की शेजारीपाजारी, नात्यागोत्यात लगेच उत्तरं मिळतात. त्यातली बरीचशी अर्धी खरी असतात आणि उरलेल्या अर्ध्यात पैसे बुडतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे, जिथे गर्दी तिथे दुकान टाक. गर्दी ओळख करून देते, हे खरंच आहे. पण ती गर्दी आपली नसते. ऑर्कुट हे समाजमाध्यम एके काळी घराघरांत होतं. ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं. २९ जून २०२०ला केंद्र सरकारने ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कलाकारांनी तिथे मोठा चाहतावर्ग जमवला होता. त्यांची काहीच चूक नव्हती, तरी तो एका निर्णयाने हातचा गेला, कारण त्या चाहत्यांची नावं, नंबर त्यांच्याकडे नव्हतेच.

‘मी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्हींवर आहे, मला काय धोका?’ असंही म्हटलं जातं. तिन्हींची मालक कंपनी एकच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ला रात्री ही तिन्ही एकदमच बंद पडली आणि सुमारे सहा तास बंद राहिली. घटस्थापना अवघ्या तीन दिवसांवर होती. ऐन सणाच्या ऑर्डरी ज्यांच्या फक्त चॅटमध्ये होत्या, त्यांना त्या पाहायचीही सोय उरली नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे. कुठलाही प्लॅटफॉर्म निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: उद्या इथून निघायचं ठरवलं, तर माझे ग्राहक मला बरोबर नेता येतील का? प्रदर्शनात स्टॉल लावणारी प्रत्येक ताई हे न सांगता करते. टेबलावर वही ठेवते, आलेल्याचं नाव आणि नंबर लिहून घेते, कारण तीन दिवसांनी मांडव उतरणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. मोबाइलवरचा मांडव दिसत नाही, म्हणून तो कायमचा वाटतो.

दुसरा गैरसमज कमिशनचा. ‘शून्य कमिशन म्हणजे फुकट विक्री’ हे वाक्य मोहात पाडतं. कागदावर मांडून बघू. तोरण ४५० रुपयांना विकलं. लोकर आणि मणी १३०, पॅकिंग २०, कुरियर ७०. हाती राहिले २३०. आता हेच ‘माल मिळाल्यावर पैसे’ या पद्धतीने दहा जणांना पाठवलं, तिघांनी परत केलं आणि त्यांच्या पॅकिंगचा आणि जाण्यायेण्याचा खर्च आपल्याच खिशातून गेला, असं धरा. परत आलेली तोरणं धडधाकट आली असं मानलं, तरी विकल्या गेलेल्या प्रत्येक तोरणामागे १६१ रुपयेच उरतात. याउलट आधी पैसे घेऊन दहा टक्के कमिशन कापणाऱ्या ठिकाणी १८५ उरतात. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपले घालून हिशेब करावा. जिंकवतं किंवा हरवतं ते परतीचं प्रमाण, कमिशनची पाटी नव्हे.

दरही कायम नसतात. हस्तकलेसाठीच प्रसिद्ध असलेल्या एट्सी या परदेशी बाजाराने एप्रिल २०२२मध्ये व्यवहार शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं. हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवून निषेध केला. शुल्क वाढलं ते वाढलंच.

तिसरी भीती जीएसटीची, आणि ती सगळ्यात जास्त लोकांना उगाच अडवते. ‘नंबर नसेल तर बाजारवाल्या अ‍ॅपवर विकता येत नाही’ हे पूर्वी वस्तूंच्या बाबतीत खरं होतं. १ ऑक्टोबर २०२३पासून नियम बदलला. महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर फक्त वस्तू विकणाऱ्याला पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन अशा अ‍ॅपवरून विकता येतं. अट महत्त्वाची: विक्री राज्याच्या आतच. कोल्हापूर, नागपूर चालेल. बेळगाव, पणजी, इंदूर नाही. तिकडच्या मराठी घरांतून मागणी येते म्हणून हे मुद्दाम सांगतो. अ‍ॅपशिवाय स्वतः परराज्यात पाठवायचं असेल, तर सरकारच्या हस्तकला यादीतल्या वस्तूंना ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण पॅन आणि ई-वे बिल लागतं. आपली वस्तू त्या यादीत आहे का, हे कर सल्लागाराकडून आधी तपासावं. रांगोळीचे ऑनलाइन वर्ग ही सेवा आहे. तिथे मर्यादा २० लाखांची आणि विद्यार्थी पणजीचा असला तरी त्या मर्यादेत नोंदणी लागत नाही.

‘व्हॉट्सअ‍ॅप आहे ना, मग वेबसाइट कशाला?’ व्हॉट्सअ‍ॅप उत्तमच. फक्त त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, एवढं लक्षात ठेवावं. वेबसाइटसाठी सुरुवातीला एक साधं पानही पुरतं. तिचं नाव मात्र, मग ते डॉट इन असो की देवनागरीतलं डॉट भारत, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवावं. बनवून देणाऱ्याच्या नावावर नको. नाव आपलं असेल तर त्यामागचा प्लॅटफॉर्म बदलला तरी पत्ता तोच राहतो.

ग्राहकांची यादी त्यांना विचारूनच ठेवावी आणि तिची एक प्रत फोनबाहेर असावी. जुलै २००५ आणि जुलै २०१९मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेत घरांत शिरलं होतं. तळमजल्यावर काम करणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. नवा प्लॅटफॉर्म आजमावायचा तर होळीनंतरचे मंदीचे महिने बरे. दहा-पंधरा पार्सलं पाठवावीत, पैसे किती दिवसांत खात्यात येतात ते पाहावं, ऑर्डरींची यादी उतरवून घेता येते का ते तपासावं आणि गौरी-गणपतीचा माल कुठे मांडायचा ते मग ठरवावं.