कोसबाडचा बालशिक्षण प्रयोग

कोसबाडचा बालशिक्षण प्रयोग म्हणजे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ पासून प्रथम बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर चालवलेले ग्रामीण व आदिवासी बालशिक्षणाचे कार्य होय. ही दोन्ही गावे डहाणू तालुक्यात (पूर्वी ठाणे, आता पालघर जिल्हा) आहेत. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द याच प्रयोगातून पुढे आला.

पार्श्वभूमी

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलाला स्वतः निवड करू दिली, तर ते एकाच कामात दीर्घकाळ रमते, हे त्यांचे मुख्य निरीक्षण होते. गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू करून हा विचार गुजरातीत रुजवला. ताराबाई तेथे त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

मात्र भारतात या पद्धतीचा लाभ बव्हंशी शहरांतील सुस्थित घरांनाच मिळत होता. रोममध्ये गरिबांसाठी जन्मलेली पद्धत येथे श्रीमंतांची व्हावी, हा विरोधाभासच म्हटला पाहिजे. ताराबाईंनी बोर्डीला जाण्याचा निर्णय घेतला तो याच कारणाने. अनुताई तेथे त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी नोकरी सांभाळून आपले शिक्षण चालू ठेवले होते.

साधने

माँटेसरी पद्धतीतील दट्ट्यापेटीत लहानमोठे लाकडी दट्टे त्यांच्या मापाच्या खळग्यांत बसवायचे असतात. एखादा चुकला की शेवटी एक दट्टा उरतो आणि चूक मुलाला आपोआप कळते. शिक्षिकेने रागावण्याचे कारण राहत नाही. हे तत्त्व महत्त्वाचे, पेटी नव्हे, ही ओळख हे या प्रयोगाचे खरे यश होय. शिंपले, खडे, चिंचोके, पाने, माती ही परिसरात विनामूल्य मिळणारी साधने वापरात आली. बियांची प्रतवारी करताना मूल आकार, वजन आणि संख्या शिकते. त्याच बिया मांडून ते नक्षी करते, मोडते आणि पुन्हा वेगळी करते. वारली घरांत लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चित्रे रेखाटली जातात. अशा घरातील मुलाला सर्जनशीलता बाहेरून आणून देण्याची गरज नव्हती. शाळेने ती दडपू नये, एवढेच हवे होते.

‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द चार वर्षांच्या मुलाला लावणे काहींना विचित्र वाटेल. त्या वयात तिचे रूप ‘हे माझे मी करीन’ एवढेच असते. प्रौढांनी घाईने हात पुढे करून काम उरकले की ती तेथेच खुंटते. डॉक्टर किंवा अधिकारी होण्याची स्वप्ने बालवर्गात पढवणे ही पालकांची महत्त्वाकांक्षा झाली, मुलाची नव्हे.

अंगण आणि कुरण

पाड्यांवरील मुले शाळेत येईनात, कारण मोठ्या मुलींवर धाकट्या भावंडांचा सांभाळ आणि मुलांवर गुरे राखण्याचे काम असे. तेव्हा शाळाच त्यांच्याकडे गेली. वस्तीतील एखाद्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे चरतात तेथे भरली ती कुरणशाळा. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळाही चालत. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच परिसरात आणणाऱ्या रचनेला ‘विकासवाडी’ म्हटले गेले. तान्हे भावंड पाळणाघरात राहिल्याने बहीण शेजारच्या वर्गात बसू शकत असे.

प्रभाव

केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली व तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. योजनेच्या सहा सेवांमध्ये पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्याबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षणही आहे. व्यवहारात मात्र आहारवाटप, वजने आणि नोंदवह्या यांतच सेविकेचा बराचसा वेळ जातो. कुपोषणाशी झुंजणाऱ्या भागात आहाराला अग्रक्रम मिळणे समजण्यासारखे आहे. परंतु मूळ कल्पनेतील खेळ व हस्तकाम त्यामुळे मागे पडले.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा सलग पायाभूत स्तर मानला असून, त्यातील पहिल्या तीन वर्षांसाठी अंगणवाडी हेही एक प्रमुख ठिकाण धरले आहे.