दोन हात जमीन

मंचर, घोडेगाव, डिंभे धरण मागं टाकून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की तळेघर येतं. भातखाचरं, हिरड्याची झाडं आणि मातीच्या पातळ थराखाली काळा कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला हा बेसॉल्ट घाटमाथा तोलून धरायला भक्कम, पण अर्थिंगच्या बाबतीत महाहट्टी. वायरमनची पहार दोन-तीन फुटांवर खणकन वाजते आणि तिथंच थांबते.

अर्थिंग कशासाठी, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील की जादा करंट जमिनीत जाऊन जिरतो. जिरत बिरत काही नाही. करंट जिथून निघाला तिथंच, म्हणजे गावातल्या डीपीकडे (ट्रान्सफॉर्मरकडे), परत जायला बघतो. डीपीचा न्यूट्रलही तिथल्या जमिनीत पुरलेला असतो. पाण्याच्या मोटरीच्या बॉडीला आतून फेज चिकटला की करंट अर्थिंगच्या पाइपातून खाली उतरतो, बांधाखालून, ओढ्याखालून वाट काढतो आणि डीपीपाशी वर चढतो. जमीन ही आपल्या घराची न दिसणारी तार आहे.

ही तार माणसाला सापडली तारायंत्राच्या काळात. १८३८ मध्ये म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी परतीची तार काढून टाकली आणि जमिनीवर काम भागवून दाखवलं. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात विल्यम ओशॉघ्नेसी यांनी आपल्या प्रयोगात चक्क हुगळी नदीचं पाणीच तारेसारखं वापरलं.

खरं नवल पुढं आहे. डीपी शंभर मीटरवर असो की दोन किलोमीटरवर, जमिनीचा अडथळा जवळपास तेवढाच राहतो! महाशिवरात्रीला भीमाशंकरच्या गाभाऱ्याच्या दाराशी जीव गुदमरतो आणि बाहेर आवारात आलं की माणसं मोकळी पांगतात, तसंच हे आहे. पाइपाला खेटून असलेल्या मातीतून सगळा करंट दाटीवाटीनं निघतो. पुढं त्याला चहूबाजूंनी आणि खाली अफाट जागा मिळते. हिशेबच करायचा तर अर्धा मीटर त्रिज्येचा धातूचा अर्धगोल जमिनीत पुरला, तर एकूण अडथळ्याचा निम्मा भाग त्याच्याभोवतीच्या पहिल्या अर्ध्या मीटरमध्येच संपतो. म्हणजे अख्ख्या पृथ्वीशी आपलं काही भांडण नाही. जे काही आहे ते पाइपाभोवतीच्या दोन हात जमिनीशी.

म्हणूनच जुने वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरत आले आणि उन्हाळ्यात तिथं पाणी ओतायला सांगत आले. मिठानं ओल टिकते, पण तेच मीठ हळूहळू लोखंडी पाइपही खातं. आता बेंटोनाइट नावाची माती भरतात. ती पाणी पिऊन फुगते आणि पाइपाला घट्ट धरून बसते. गंमत अशी की बेंटोनाइट बहुधा ज्वालामुखीच्या राखेपासूनच बनते. ज्वालामुखीनं घातलेला घोळ ज्वालामुखीच निस्तरतो.

तरीही कातळ तो कातळ. तिथं पाइपाचा अडथळा १०० ओहम निघाला तर नवल नाही. मग २३० व्होल्टला १०० नं भागा: करंट फक्त २.३ अँपिअर. जादा करंट झाला की पडणाऱ्या १६ अँपिअरच्या एमसीबीला याची दखलही नसते. ती पडत नाही, दिवे चालू, मोटर चालू, आणि मोटरीच्या बॉडीवर दोनशेहून जास्त व्होल्ट तसेच उभे. अर्थिंग केलंय या भरवशावर ओल्या अनवाणी पायांनी कुणी तिला हात लावला, तर अंगाचा अडथळा हजार ओहम धरला तरी शरीरातून २०० मिलिअँपिअर जाऊ शकतात. १० च्या आसपासच स्नायू आवळून हात सुटेनासा होतो आणि ५० मिलिअँपिअर हृदयाची लय बिघडवायला पुरतात. माझ्या मते, अर्थिंग आहे का, हा प्रश्न अर्धवट आहे. ते किती ओहमचं आहे, हे मीटर लावून मोजायला हवं.

कातळाच्या गावाला खरा आधार आहे तो आरसीसीबीचा. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा ही डबी सतत मेळ घालते. ३० मिलिअँपिअरची तफावत पडली, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्याच वाटेनं निसटला, की ०.३ सेकंदाच्या आत ती लाइन तोडते. १०० ओहमच्या सुमार अर्थिंगवरही बॉडीवर जेमतेम ३ व्होल्ट चढवणारी गळती तिला पडायला पुरते. पण अर्थिंगच नसेल तर ती तफावत माणसाच्या अंगातूनच पडायची. म्हणून दोन्ही हवीत.

त्या दोन हात जमिनीचा आणखी एक गुण जीवघेणा आहे. पावसात तार तुटून पडली की तिच्याजवळच्या जमिनीवर व्होल्टेज पावलागणिक झपाट्यानं उतरतं. माणसाच्या दोन पायांत थोडंच अंतर असतं, पण गुराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरपर्यंत. म्हणून गुरं आधी जातात. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावर एकाच वीजपातात ३२३ रेनडिअर मेले, त्यामागं जमिनीवरचा हाच उतार होता. अशी तार दिसली तर गुरं सोडवायला धावू नका. तुम्ही जवळ असाल तर लांब ढांगा न टाकता पाय जोडून, सरपटवत मागं या आणि आधी लाइन बंद करायला कळवा.

आणि घरी आरसीसीबी असेल तर तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.