काळ्याचा कस
मांजरी बुद्रुकच्या आमच्या घरात काही दिवस दोन दूरचित्रवाणी संच एकाच भिंतीशी सवतींप्रमाणे नांदत होते: एक बेचाळीस इंची प्लाझ्मा, जो हलवावयास दोन धट्टेकट्टे गडी लागतात, आणि दुसरा चिरंजीवांनी दिवाळीत आणलेला ओलेड, ज्याची वरची कड पाटीपेक्षाही पातळ आहे. एका रात्री गल्लीतली वीज गेली, खिडकीतून येणारा खांबावरचा उजेडही मावळला, आणि इन्व्हर्टरच्या आधारे आम्ही दोहोंवर प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' एकदमच लावला.

हा बोलपट जवळजवळ चौकोनी; त्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर त्याच्या दोन्ही अंगांना काळे पट्टे उरतात. ओलेडवरचे पट्टे काळोखात असे विरून गेले की संच कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते, हे हात लावल्यावाचून कळेना. प्लाझ्मावर मात्र तेच पट्टे चुलीतल्या निवत्या राखेसारखे मंद उजळलेले दिसत होते.

याचे कारण दोहोंच्या घडणीत आहे. प्लाझ्माच्या काचेत निऑन आणि झेनॉन वायूंनी भरलेली लाखो सूक्ष्म घरे असतात; विजेचा झटका बसला की वायूतून अतिनील किरण निघतात आणि ते घराच्या आतल्या लेपावर पडून लाल, हिरवा वा निळा प्रकाश उमटतो. हुकूम होताच घर पेटावे म्हणून त्यास थोड्या विजेने सदैव सज्ज ठेवावे लागते, समईची वात न विझवता बारीक करून ठेवावी तसे, आणि त्या बारीक वातीचाच उजेड काळ्यात उतरतो. ओलेडमध्ये मात्र सेंद्रिय द्रव्याचा पातळ थरच स्वतः प्रकाशतो. प्रवाह थांबला की प्रकाश शून्य.

इलिनॉय विद्यापीठात १९६४ साली बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी संगणकाद्वारे शिकविण्यासाठी प्लाझ्माचा पडदा घडविला, तर कोडकच्या तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी ओलेडची बैठक १९८७ साली घातली. प्लाझ्मातला अतिशय गडद काळा पायोनियरच्या 'कुरो' संचांनी दाखविला, जपानीत त्या नावाचा अर्थच काळा. पण गुणास गिऱ्हाईक मिळतेच असे नाही, आणि २००९ साली त्या कंपनीने दूरचित्रवाणीच्या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. पॅनासॉनिकने २०१३ अखेर प्लाझ्माचे उत्पादन थांबविले, पुढल्या वर्षी सॅमसंग आणि एलजी यांनीही. वजन, विजेचा खप आणि स्वस्त एलसीडीची चढाओढ, यांपुढे बिचाऱ्याचा टिकाव लागला नाही.

तथापि क्रिकेटचा सामना लावताच निकाल पालटतो. सीमारेषेकडे धावणारा चेंडू प्लाझ्मावर चेंडूच राहतो, कारण त्याचे प्रत्येक चित्र क्षणार्धात लुकलुकून विझते. ओलेड पुढले चित्र येईतो आधीचे तसेच धरून ठेवतो, आणि फिरत्या नजरेस कडा पुसट भासतात. त्यावर उपाय म्हणून मधली चित्रे रचून भरण्याची जी सोय असते, ती चालू केली की तुकोबासुद्धा दुपारच्या मालिकेत काम करीत असल्यासारखे दिसू लागतात. ती मी प्रथम बंद केली. उलटपक्षी भर उन्हाचे दृश्य ओलेडवर ज्या तेजाने उजळते, त्याची प्लाझ्माशी तुलनाच नको.

झिजण्याचा शाप दोघांनाही आहे. वडील रात्रंदिवस बातम्या पाहत. त्या वाहिनीचे बोधचिन्ह आमच्या प्लाझ्माच्या कोपऱ्यात असे मुरले आहे की पांढऱ्या दृश्यावर आजही त्याची सावली वाचता येते. नव्याची तीच गत होऊ नये म्हणून चिरंजीवांनी बातम्यांवर बंदी घातली आहे.

माझा कौल ओलेडच्या बाजूने पडला आणि जुना संच मागल्या खोलीत गेला. सामना असला की मी अजून तिकडे जातो. पौषात त्याची ऊब सुखाची वाटते, चैत्र उजाडला की मात्र पंखा लावूनही त्याच्यापुढे बसवत नाही.